भिंतीपलीकडची निळी वायर

पिपरी मेघे, वर्धा
दि. १५ ऑक्टोबर २००८

।। श्री गजानन प्रसन्न ।।

ती. शकुताईस, धाकट्या कौशल्याचा सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तू पुन्हा डब्यात घालून ठेवलंस असं कळलं. मग फोनवर मी ओरडायचं आणि तू भलतंच ऐकायचं, त्यापेक्षा आपले हे कागदच बरे. इकडे यांचे गुडघे बरे आहेत. दसरा चांगला झाला.

खांडेनवमीला दरवर्षीसारखी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन, आणि यंदा कॉम्प्युटर. सूनबाई प्रेरणा त्यावर घरबसल्या नागपूरच्या कंपनीचं टायपिंग करते, म्हणजे तेही कमावतं हत्यारच की. तो बंद केला, मागच्या वायरी काढून धूळ पुसली, हळदीकुंकू कालवून लावलं, फूल वाहिलं. संध्याकाळी प्रेरणाने सुरू केला तर इंटरनेट इतकं हळू, की एक पान उघडायला सांगावं आणि तोवर कणीक मळून यावी. तिने बंद करून पुन्हा लावला. टेलिफोनच्या वायरीला जोडलेला तो दिव्यांचा डबाही बंदचालू करून पाहिला. काही फरक नाही. तिचं काम वेळेवर जाईना, आणि कंपनीचे साहेब तिला बोलले.

तुला सांगितलंच होतं, आपल्या डब्यातून एक निळी वायर अंगणातल्या भिंतीच्या भोकातून शेजारी देवकाबाईंकडे गेली आहे. ती माझीच कल्पना. चोवीस तास चालणारी लाईन एकाच घराने वापरायची म्हणजे नळ उघडा सोडून देण्यासारखं. त्यांची नमिता त्यावर अभ्यास करते. पण मी घराचा हिशेब ठेवणारी बाई. डब्यातलं धान्य आपण न काढता कमी झालं, तर कोणीतरी काढलंच असणार ना? प्रेरणा म्हणाली, आई, त्यांच्यामुळे नसेल, त्या काय आजपासून वापरतात? मी ऐकलं नाही.

काल कोजागिरी, भुलाबाईची गाणी म्हणायचा शेवटचा दिवस. देवकाबाईंच्याच अंगणात सगळ्या बायका जमल्या होत्या, चुलीवर दूध आटत होतं. मी बोलले. म्हटलं, देवकाबाई, नमिताला जरा सांगा, दुसऱ्याच्या लाईनीवर सिनेमे उतरवून घ्यायचे त्यालाही काही सुमार असतो. देवकाबाई दूध ढवळत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला. नमिता पेला खाली ठेवून आत निघून गेली.

आज सकाळी आपल्या भिंतीवर ती निळी वायर वेटोळं करून, चिंधीने नीट बांधून ठेवलेली सापडली.

तरी कॉम्प्युटर काही धावत नाही. मला वाटतं, तुंबलेली लाईन मोकळी व्हायला वेळ लागत असेल. बोलले ते खरं तेच बोलले, तरी जेवताना घास गोड लागला नाही. तू काय ते लिही.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझी कौशल्या

•

तळेगाव (श्यामजी पंत)
दि. १८ ऑक्टोबर २००८

चि. सौ. कौशल्यास, मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मले त्या यंत्रातलं काही समजत नाई. पण लाईन काय नाली आहे व, तुंबायले?

तूच लिहिलं का देवकाबाईनं वायर काढून दिली, आणि तूच लिहिलं का अजूनही हळूच चालून राह्यलं. मग घेतलं कोणी? भुलाबाईनं? मॅट्रिक तू झाली, मी नाई, तरी एवढं मले इथं बसून दिसते.

नमिता तुझ्या हातचे पोहे खाऊन मोठी झाली. तुले मावशी म्हणते ते पोरगं. तिले चार बायांत चोर ठरवाची काऊन घाई झाली होती तुले? दूध नासलं नाई हेच नशीब. माझ्यावर रागावू नको. पण घास गोड लागला नाई म्हणतेस, ते लागतच नसते. सुनेचं ऐक, ती शहाणी आहे, आणि काय निघालं ते खरं खरं कळवजो.

इथं सोयाबीन निघालं. धुळीनं खोकला आहे, बाकी बरं. यंत्र घालत नाई, कानात कुईकुई करते.

माझं बोलणं मनाले लावून घेजो, मात्र मले दूर लोटू नको.
तुझी ताई

•

पिपरी मेघे, वर्धा
दि. २१ ऑक्टोबर २००८

।। श्री गजानन प्रसन्न ।।

ती. शकुताईस, तोंड लपवून लिहिणाऱ्या कौशल्याचा सा. न. वि. वि.

ताई, तुझं पत्र यायच्या आधीच सगळं निघालं. कसं लिहू कळत नाही. पण तुला नाही लिहिलं तर कोणाला लिहू?

प्रेरणा दुपारी पुन्हा मांडून बसली. पडद्याच्या कोपऱ्यातली एक इवली खिडकी उघडून तिने मला दाखवली. तिथे वायरीच्या वेगाचा आकडा रोज शंभर असायचा म्हणे, आता दहा दिसत होता, तोही मधूनमधून तुटत. ती म्हणाली, आई, हा आकडा फक्त आपला कॉम्प्युटर आणि हा डबा यांच्यातल्या हातभर वायरीचा. शेजाऱ्यांनी दिवसरात्र वापरलं तरी तो कमी होत नाही. मी म्हटलं, मग कशाने होतो? ती वाकली, आणि कॉम्प्युटरच्या मागून वायर उपसली.

त्या वायरीचं टोक काचेसारखं असतं, आणि आत पिवळे दात असतात बारीक. त्या दातांत कुंकू बसलं होतं. वाळून घट्ट झालेलं. प्रेरणाने बोट लावलं तर बोट लाल झालं.

माझंच, ताई. खांडेनवमीचं. करंटच्या वायरीला भिऊन मी बोट लावलं नव्हतं. डब्याकडून येणारी ही वायरही शेजारच्यासारखीच निळी; अशा निळ्या वायरीत करंट नसतो, हात लागला तरी भ्यायचं कारण नाही, असं माझ्याच लेकाने, प्रफुलने, मला सांगितलं होतं. म्हणून हिला मी मनोभावे, दातादातांत भरून लावलं. आणि ओलंच परत खुपसलं. प्रेरणाने ह्यांच्या इंजेक्शनच्या स्पिरिटने कापूस फिरवला, वायर लावली, कॉम्प्युटर सुरू केला. कोपऱ्यात शंभर. पान डोळ्यांसमोर उघडलं. मला वाटलं, ते उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

प्रेरणा हसली असती तरी चाललं असतं. ती हसली नाही. तिने तो लाल कापूस कागदात गुंडाळला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही. मी तिला म्हटलं, बाहेर कोणाला सांगू नकोस. प्रफुललाही नको. ती बरं म्हणाली आणि वळली. पण त्या क्षणी मी तिच्या मनातून उतरले, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

तेव्हापासून देवासमोर बसवत नाही. निरांजन लावते, कुंकवाच्या करंड्याकडे हात जातो आणि थांबतो. सोमवार सोडून आणखी एक उपास धरला आहे. अंगणात देवकाबाई दिसल्या की मी तुळशीची पानं खुडत बसते. तुळस बोडकी झाली. परवा नमिता फाटकात भेटली. येते काकू, म्हणाली आणि गेली. काकू म्हणाली, ताई. मावशी नाही.

आता वाटतं, वायर परत नेऊन द्यावी आणि म्हणावं, टेलिफोनवाल्यांकडेच काहीतरी झालं होतं, आता ठीक आहे. म्हणजे त्यांचंही राहील आणि माझंही. तुला काय वाटतं?

मला सोडू नकोस.
कौशल्या

•

तळेगाव (श्यामजी पंत)
दि. २४ ऑक्टोबर २००८

चि. सौ. कौशल्यास, आशीर्वाद आहेतच, पण आज थोडे कडू.

टेलिफोनवाल्यांच्या माथी मारतेस? आधी पोरीवर टाकलं, आता त्यांच्यावर. किती लोकांवर टाकशील व?

उपास कशाचा? तू उपाशी राह्यल्यानं देवकाबाईचं पोट भरते का? तुझी साबुदाण्याची सोय झाली, बाकी काही नाई. आणि देवाले काही सांगाची गरज नाई, त्याच्या समोरच तर लावलं तू कुंकू. तो तेव्हाच हसला असंन.

कुंकू लागलं त्यात तुझा दोष नाई. मी असती तर मी तर वरून अक्षताही कोंबल्या असत्या. पण अंगणात बोलली तो दोष आहे, आणि सुनेचं तोंड बंद केलं तो त्याहून मोठा. ज्या अंगणात बोलली, ज्या बायांसमोर बोलली, तिथंच जाजो. कानात नको सांगू, मोठ्यानं सांग. माझ्यासारख्या बहिरीले ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं.

बाया हसतीन. हसू दे. लाजेनं कोणी मरत नाई, नाईतर आपल्या घराण्यात कोणी उरलंच नसतं.

दिवाळीचे अनारसे फसले. तुझे कसे झाले ते लिहू नको, मले जळाची इच्छा नाई.

काम करून आली का मगच पत्र लिहिजो, तोवर मी वाट पाहीन.
तुझी ताई

•

पिपरी मेघे, वर्धा
दि. १ नोव्हेंबर २००८

।। श्री गजानन प्रसन्न ।।

ती. शकुताईस, कौशल्याचा सा. न. वि. वि. आज मान थोडी वर करून.

आधी प्रेरणाला सांगितलं. म्हटलं, तुला गप्प बसवलं ती माझी चूक, आता ज्याला सांगायचं त्याला सांग. ती म्हणाली, आई, तुम्हीच सांगा, मी सोबत येते.

आमच्या आळीत पाडव्याच्या दुपारी बायका घरोघर फराळाला जातात. देवकाबाईंच्या ओट्यावर सगळ्या बसल्या होत्या. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, तरी गेले. प्रेरणा मागे. बसलेच नाही, ताई. बसले असते तर बोलले नसते. उभ्यानेच सांगितलं, नमिताने काही घेतलं नव्हतं. मीच वायरीच्या दातांत कुंकू भरलं होतं, आणि कळल्यावरही इतके दिवस लपवलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे मोठ्याने बोलायला गेले आणि आवाज असा चिरका निघाला की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकला.

बायांना आधी उमजेचना. कोपऱ्यातल्या तानबाच्या आईने विचारलं, कुंकू कशाले लावलं व माय, त्याचं लग्न होतं का? मग जो हशा पिकला तो विचारू नकोस. प्रेरणाही हसली. मी तिथेच उभी, हातात चकल्यांचं ताट, कानशिलं पेटलेली.

देवकाबाई मात्र हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या करंडा घेऊन बाहेर आल्या. माझ्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू लावलं, चांगलं दाबून. म्हणाल्या, कौशल्याबाई, कुंकू इथं लावत असतात. पुढच्या खेपेस विसरू नका. आणि मग म्हणाल्या, माझी पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. तेही तुमच्या ध्यानात असू द्या.

हे शेवटचं त्या हळू बोलल्या. बाकीच्या बायांना ऐकू गेलं नसेल.

मी म्हटलं, वायर परत देते. त्या म्हणाल्या, ते नमितेचं नमिता पाहीन, मी काही सांगत नाई. नमिता दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहून हात जोडले. लहानाला हात जोडू नयेत, पण जोडले गेले. तिने मान खाली घातली आणि आत गेली.

संध्याकाळी मी चिंधी सोडली, वायर भिंतीच्या भोकातून पलीकडे सरकवली आणि आत आले. वाट पाहायची नाही असं ठरवलं होतं. पण भांडी घासताना, वाती वळताना, डोळा तिकडेच. भाऊबीज झाली, तरी टोक पलीकडच्या भिंतीवर लोंबत होतं. वाऱ्याने हलायचं. मला वाटलं, उगीच त्या घराला रोज आठवण कशाला, काढून घ्यावी. काल सकाळी फुलं तोडायला गेले तेव्हा वायर हातात धरून हळूच ओढली.

आली नाही, ताई. ताठ झाली आणि थांबली. तिकडे कोणीतरी लावली होती.

मी पटकन सोडून दिली. फुलं न तोडताच घरात आले.

दुपारी प्रेरणा कामाला बसली होती. म्हणाली, आई, आज जरा सावकाश चाललंय. मी म्हटलं, चालू दे.

यंत्र डब्यातून काढून कानात घाल. एकदा फोनवर तुझा आवाज ऐकायचा आहे, तू भलतंच ऐकलंस तरी चालेल. अनारसे पाठवते आहे. बरे झालेत, क्षमा कर.

अशीच कान धरायला राहा.
तुझी कौशल्या