पाठीवरचा चट्टा

परंदवडी, ८ जानेवारी

चि. शुभदास,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

फोनवर मला बोलणं सुचत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या लॅबचा रिपोर्ट मिळाला. मांडीवरच्या चट्ट्याचा तुकडा काढला, टाके पडले, आणि लिहिलंय काय, तर नक्की सांगता येत नाही. डॉक्टर पुन्हा बायॉप्सी करा म्हणतात. इतकी वर्षं इसब म्हणून काढली, पुढचीही निघतील. तुझी मामी असती तर हाताला धरून घेऊन गेली असती. आकाश चाकणहून रविवारी बापाला फोन करतो. मी बरं आहे म्हणतो. तुझ्या वाटणीचा इंद्रायणी तांदूळ बाजूला ठेवलाय.

तुझा,
श्रीपतीमामा

लोणावळा, १३ जानेवारी

ती. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमच्या तुकड्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली मीच पाहिली. मामा, स्पष्ट लिहिते. हा त्वचेतला लिम्फोमा असू शकतो, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. सुरुवातीला तो इसबासारखाच दिसतो. त्या पेशी कातडीच्या वरच्या थरात शिरून ओळीने बसतात. तुमच्या तुकड्यात तुरळक दिसल्या. तेवढ्यावर हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणायला मन धजत नाही. लवकर कळलं तर बहुतेकांना प्रकाशाच्या उपचाराने आराम पडतो. मलमाने या पेशी पांगतात, म्हणून ते आधी काही आठवडे बंद ठेवायचं होतं. ठेवलं होतं ना? मामी म्हणायची, तुझा मामा डॉक्टरपुढे मान डोलावतो आणि घरी येऊन आपलंच करतो.

तुमचीच,
शुभदा

परंदवडी, १८ जानेवारी

चि. शुभदास,
आशीर्वाद.

मलम बंद केलं नव्हतं. तुकडा काढला त्या दिवशी सकाळीही आंघोळ करून चोळून लावलं. बायको गेली आणि माणूस गबाळा राहायला लागला, असं डॉक्टरांना वाटू नये, एवढंच मनात होतं. मलम मामीच लावायची. आता हात पोचेल तिथे मी लावतो. पाठ ती गेल्यापासून तशीच आहे. शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, भाऊ, लाजताय कशापायी, आमच्या ह्यास्नी धाडते. मी नको म्हटलं. रोगाचं नाव कळून तरी आता कोणाला सांगायचंय?

श्रीपतीमामा

लोणावळा, २१ जानेवारी

ती. मामांस,
जय भीम.

कोणाला म्हणजे? मला.

पाठीवरच्या चट्ट्याला इतके महिने मलम लागलेलं नाही. मला तुकडा तिथलाच हवा आहे. बेगडेवाडीहून सकाळची गाडी धरा, मी स्टेशनवर उभी असेन. तांदूळ घेऊन निघा, म्हणजे वाटेतून परत फिरणार नाही.

शुभदा

परंदवडी, १ मार्च

चि. शुभदास,
आशीर्वाद.

रिपोर्ट वाचला. पाठीच्या तुकड्यात त्या पेशी ओळीने बसलेल्या आहेत. आजाराची सुरुवातच आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. प्रकाशाचा उपचार सुरू झाला. आता मलमही लावायला सांगितलंय, पाठीलासुद्धा.

रविवारी आकाश आला. त्याला सगळं सांगितलं. मग शर्ट काढून त्याच्याकडे पाठ करून बसलो. त्याचा हात जड आहे, आणि मलम गार लागलं. तुझी मामी आधी तळहातावर चोळून ते कोमट करायची. आकाशला हे माहीत नाही.

पुढच्या रविवारी सांगेन.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
श्रीपतीमामा