पहिल्या तीन दिवसांचे दूध

॥ श्री ॥
खासबाग, बेळगाव
ता. ४ जुलै १९३६

तीर्थरूप गं. भा. यशोदाआत्यांच्या चरणी विद्युल्लतेचा शि. सा. न. वि. वि.

आईवेगळ्या मला आपणच वाढविले, म्हणून इतर कोणास लिहिता येत नाही ते आपणांस लिहिते. आठवा सरत आला. उचगावची सुईण मालुबाई पाहून गेली. बोंडं आत ओढल्यात, पोराच्या तोंडाला लागायची न्हाईत, असे तिने साफ सांगितले. तेव्हा आपले जावई कॅम्पातल्या औषधांच्या दुकानी जाऊन दूध काढण्याची दोन काचयंत्रे पाहून आले. एकास रबरी फुगा. दुसऱ्यास लांब नळी, तिचे टोक आपणच तोंडात धरून ओढायचे. फुग्याची परीक्षा त्यांनी दुकानातच स्वतःच्या गालावर घेतली, आणि तो लाल वाटोळा शिक्का घेऊन तसेच शाळेत भूगोल शिकवायला गेले. पृथ्वी गोल असल्याचे वर्गाने त्या दिवशी निमूटपणे मान्य केले म्हणे.

सासूबाई मात्र काच आणि रबर माजघरात येऊ देत नाहीत. घ्यावे की नाही, आणि कोणते, आज्ञा व्हावी. लोभाची सावली आता दोघांवर धरावी.

आपली,
विद्युल्लता

॥ श्री ॥
निपाणी
ता. ८ जुलै १९३६

चि. सौ. विद्युल्लता हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र देवापुढे ठेवून मग वाचले, आणि वाचल्यावर घाईने देवापुढून उचलले. गोकुळात जिने परब्रह्मास पाजले ती माझ्याच नावाची होती. तिला रबरी फुगा लागल्याचे भागवतात कोठे आढळत नाही. तथापि रघुवीररावांचा गाल व्यर्थ जाऊ नये. फुग्याचे घ्यावे. काच जाड असावी, दर वेळी उकळावी.

एक मात्र शास्त्र सोडू नये. पहिले तीन दिवस येणारा दाट पिवळा चीक टाकून द्यावा. बाळास मध आणि गुळाचे पाणी द्यावे, चौथ्या दिवशी अंगावर घ्यावे. तुझ्या सासूबाई अंबुबाईंस ग्रंथाधारासह वेगळे पत्र टाकले आहे. गुडघ्यांमुळे मला येववत नाही. माझे शब्द तरी तेथे असोत.

तुझी,
यशोदाआत्या

॥ श्री ॥
खासबाग
ता. १९ जुलै १९३६

ती. आत्यांस शि. सा. न. वि. वि.

आपले शब्द पोचले आणि येथे फार मानाने नांदत आहेत. ज्या यंत्रास माजघरात मज्जाव होता, त्यास सासूबाईंनी हळदकुंकू लावून कोनाड्यात बसविले आहे. बाळ होताच यंत्राने चीक काढायचा आणि तीन दिवस तुळशीत ओतायचा, असे ठरले. पाजण्यासाठी आणलेले यंत्र न पाजण्यासाठी सिद्ध आहे.

मालुबाई हे ऐकून म्हणाली, बाईसाब, आमच्यात म्हस व्याली की आदी रेडकाला चीक पाजत्यात, उरला तर गल्लीला खरवस. चिकाबिगार रेडकू उभं ऱ्हात न्हाय. म्हशीला कळतंय त्ये तुमच्या पोथीला कसं वं कळंना? सासूबाईंनी तिला गप्प केले. मला गप्प राहवेना. पोटातले बाळ लहानखुरे आहे, असे मालुबाई म्हणते. तीन दिवस गुळाच्या पाण्यावर ते काढील का? सासूबाई आपल्याखेरीज कोणाचे ऐकणार नाहीत. आपण स्वतः असे केले होते का, आणि पुढे काय झाले? विचारू नये ते विचारले. रागावला तरी माया तोडू नये.

विद्युल्लता

॥ श्री ॥
निपाणी
ता. २२ जुलै १९३६

चि. सौ. विद्युल्लता हीस आशीर्वाद. वि. वि.

केले होते. दोन्ही वेळा, तिन्ही दिवस, माझ्याच हातांनी. तुळस तेवढी फोफावली. थोरला पाचव्या दिवशी गेला, धाकटी नवव्या. बारसे एकाचेही झाले नाही. मी त्यास पूर्वकर्म म्हटले आणि वाचत राहिले. चाळीस वर्षे ग्रंथ चाळले. म्हशीची साक्ष काढावी असे एकदाही सुचले नाही. मालुबाईस माझा नमस्कार सांग.

मूल रडले की त्याच घटकेस पदराखाली घे. तोंडात धरले नाही, तर यंत्राने काढून बोंडल्याच्या चोचीने पाज. चिकाचा थेंबही सांडू देऊ नकोस. सोबतचे पत्र अंबुबाईंस दे. पहिले वचन अपुरे होते, पुढच्याच पानावर त्याचा अपवाद सापडला, असे त्यात लिहिले आहे. असा अपवाद मी कोठेही वाचलेला नाही. ग्रंथाच्या नावे लिहिलेले हे माझे पहिले असत्य. देवास मी समजावीन.

माझ्या वाट्याचा लोभ आता त्या लहानग्यास द्यावा.

यशोदाआत्या

ता. क. अंबुबाईंनी पोथी पाहावयास मागितली, तर ती सोवळ्यात आहे म्हणावे.