विडीचा धूर आणि तेलाचा डाग

जामसर, २ मार्च १९५६

धूर किती उजेड गिळतो, हे उद्या जव्हारच्या शाळेत माझ्या वर्गाला दाखवायचं, तेही हेडमास्तरांसमोर. आणि संध्याकाळपर्यंत काही जमेना! दोन कंदिलांच्या मध्ये कागद उभा केला, त्यावर खोबरेल तेलाचा डाग. दोन्हीकडून उजेड सारखा पडला की डाग दिसेनासा होतो. झालाही. पण एका बाजूला धूर आणायचा कसा? ओला पेंढा पेटवला तर घरभर नुसता खोकला.

तेवढ्यात बा विडी ओढत आला. "कुठं गेला डाग?" म्हणत वाकला आणि त्याच्या तोंडचा धूर एका कंदिलापुढे पसरला. डाग हजर! बाला आणखी झुरके मारायला लावले, तो कंदील बोटभर पुढे सरकवला, तर डाग पुन्हा गायब. म्हणजे बोटभर उजेड विडीने गिळला! मी नाचायचाच बाकी होतो.

"बा, उद्या शाळेत चल."

"येईन. पण हेडमास्तरांसमोर विडी? न्हाई जमायचं."

मग ओढणार कोण?

"तूच वढ की," बा म्हणाला, "रोज गोठ्यामागं वढतोस तशी."