नाच विसरलेली घोडी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळचे सव्वासहा. धरणगावात मारुतीच्या देवळाकडे जाणारा डांबरी रस्ता.

प्रिय नवल,

वरची तारीख आणि वेळ या पत्राची नाही, तुझ्या कुंदनच्या वरातीची आहे. ती मुद्दाम लिहिली आहे, कारण फोनवर तू ‘अक्का, जे झालं ते झालं’ यापुढे सरकत नाहीस. कोर्टात लघुलेखक म्हणून मी जन्मभर लोकांचे जबाब उतरवून घेतले. कधी, कुठे, कोणी, हे आधी विचारायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ‘कॉन्व्हेंटवाली मडम’ म्हणून चिडव हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग मेघाची आई म्हणून मंजुळालाही वाचायला दे.

सारंगखेड्याच्या यात्रेतून मैना तूच आणलीस, हे मी विसरलेले नाही. मेघा पंधरा वर्षांची झाली तेव्हा बापाने लेकीला घोडी घेऊन दिली, याचं अमळनेरात केवढं हसं झालं! तू कोणाला जुमानलं नाहीस. पोरगी शिकायला माझ्याकडे धुळ्याला आली, घोडी तिथल्या घोडेस्वारीच्या क्लबात राहिली. चाल, रान आणि उड्या अशा तीन परीक्षांची घोडेस्वारीची ती स्पर्धा तुला अजून नीट कळत नाही, तू सगळ्यालाच ‘शर्यत’ म्हणतोस. तरी सप्टेंबरात नाशिकला तू पुढच्या खुर्चीत डबा घेऊन बसला होतास. पहिली परीक्षा चालीची. घोडीने आखलेल्या चौकोनात शांतपणे चालायचं, वळायचं, थांबायचं. तेवढ्यात बाहेरून गणपतीची मिरवणूक गेली, ढोल घुमला आणि मैना मागच्या पायांवर उभी राहून नाचायला लागली. यात्रेतल्या मालकाने तिला वरातीसाठी काठीच्या धाकाने शिकवलेलं, ते तिच्या अंगात भिनलेलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू तर ओरडलास, ‘अरे, मैना नाचनी!’ मेघा शेवटून पहिली आली. मैदानातून बाहेर पडताना तिने आधी तुझ्याकडे पाहिलं होतं.

त्यानंतर त्या पोरीने काय केलं, ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. मोबाईलवर बँड लावायची आणि मैनेच्या शेजारी उभी राहायची. घोडी थुईथुई करायला लागली की मान थोपटायची, निश्चल राहिली की गुळाचा खडा द्यायची. ना काठी, ना ओरडणं. मी म्हटलं, ‘अगं, माझे कान किटले, घोडीचं काय होत असेल!’ तर हसून म्हणाली, ‘आत्या, तिला कळू दे की आवाज आला म्हणजे मार येत नाही.’ ऑक्टोबरात पुण्याच्या स्पर्धेत भिंतीपलीकडून बँड वाजवत देवीची मिरवणूक गेली. मैनेचे फक्त कान हलले. रानातले ओंडके, पाण्याचे चर ओलांडून दोघी परतल्या, शेवटच्या उड्यांतही एक दांडी पडली नाही. तिसरा क्रमांक. त्या दिवशी तू कापसाच्या जिनिंगवर होतास. फोन तिने तुलाच आधी केला होता.

मग मेघाच्या भावाचं, कुंदनचं लग्न. आम्ही दोघी लग्नघरी पोचलो आणि मागून तू क्लबात टेम्पो पाठवलास. मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? ‘घरनी घोडी शे, मंग भाडानी कसाले?’ मेघा करवली, हातात कऱ्हा, अंगावर भरजरी साडी. तिला कळलं तेव्हा नवरदेव घोडीवर बसला होता. बँड वाजला, फटाके लागले आणि मैना निश्चल उभी राहिली, पोरीने शिकवलं होतं तशी. अख्ख्या वरातीत तेवढीच शहाणी. तुझे व्याही हसले, ‘पाव्हनं, तुमनी घोडी झोपनी का?’ आणि तू त्या लगामवाल्याला म्हणालास, ‘मार रे, दोन काठ्या मार.’ मेघा ‘बाबा, नको’ म्हणून ओरडत होती, बँडपुढे कोणाला ऐकू जाणार! मैना काठीने उधळली, डांबरावर मागचे पाय घसरले. कुंदन उडून बाजूला पडला, त्याला खरचटलं. तिचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवणारं इंजेक्शन दिलं तेव्हा मेघा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कुंदनला गाडीत बसवून तुम्ही पुढे गेलात. बँड पुन्हा वाजला, नवल.

काल क्लबातल्या समाधान सरांनी जानेवारीत होणाऱ्या, हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेसाठी तिला दुसरा घोडा देऊ केला. तिने हातही लावला नाही. घरी येऊन म्हणाली, ‘आत्या, मी शिकवलं की जनावर मरतं.’ हे वाक्य तिचं नाही, तुझं आहे. मांडवात पाहुण्यांसमोर तू म्हणालास ना, ‘नाचनारी घोडी व्हती, पोरनी तिले येडी करी टाकी.’ लोक विसरले. ती विसरलेली नाही. तिच्या जॅकेटच्या खिशाला मुंग्या लागल्या आहेत, आत अजून गूळ आहे, मला धुवायला देत नाही. मी किती समजावलं! म्हणते, ‘तू आत्या आहेस, तू असंच म्हणणार.’ माझ्या शब्दाला तिच्याकडे किंमत नाही, तुझ्या शब्दाला आहे. म्हणून तू लिही, ‘मैना वेडी झाली नव्हती, माझ्या लेकीने तिची भीती घालवली होती. काठी मारायला मी सांगितलं.’ एवढंच लिही आणि खाली सही कर. सर सोमवारी तो घोडा दुसऱ्याला देणार आहेत. रविवार, १५ डिसेंबरला दुपारी बाराच्या आत तुझ्या हातचा कागद धुळ्याला पोचला पाहिजे, माझ्या नाही, तिच्या नावाने. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि तीच तुझी समजूत काढत बसेल.

तुझीच,
अक्का