पंपघर आता शांत आहे

६ फेब्रुवारी
आजपासून मी संस्थेची विभागीय प्रमुख. वारसा-वास्तूंचं जतन, संपूर्ण विभाग. हाताखाली माणसं: अर्धा. म्हणजे एक सहायक, तोही वरच्या मजल्यावरच्या पक्षी-संस्थेशी वाटून घेतलेला. जेवणाच्या सुट्टीनंतर तो त्यांचा. मनातल्या मनात मी त्याला पक्षीमित्र म्हणते.

भिंतीवर विभागाचा मोठा नकाशा लावला. त्यावर एसीचं पाणी ठिबकतं. एसी अध्यक्षांनी देणगीत मिळवलेला आहे, त्यामुळे त्याबद्दल बोलायचं नसतं, असं पक्षीमित्राने सांगितलं. नकाशा थोडा डावीकडे सरकवला.

आई फोनवर म्हणाली, प्रमुख झालीस, आता तरी माणसांशी बोलावं लागेल गं तुला. मी म्हटलं, माझं काम भिंतींशी आहे. ती म्हणाली, तेच तर.

संकल्प: निर्णय फक्त मोजमापावर घ्यायचे. भावनेत वाहून जायचं नाही. रोज एका तरी माणसाशी कामाव्यतिरिक्त बोलायचं. (शेवटचा आईच्या समाधानासाठी. उद्यापासून.)

९ फेब्रुवारी
पहिली वास्तू: जुनं पंपघर. पंप कधीच गेले, त्यांचे दगडी चौथरे राहिले. विटांच्या भिंती, कमानीच्या उंच खिडक्या, छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्या. दुपारचं ऊन खिडक्यांतून तिरपं येऊन चौथऱ्यांवर पडतं. (हे वाक्य अहवालात नको.) नगरपालिकेला इथे पार्किंग करायचं आहे. वास्तू संरक्षित यादीत गेली तर वाचेल. जाईल. मी आहे ना.

अडचण: आत बँड आहे. लग्नं, उद्घाटनं, निरोप-समारंभ अशा ठिकाणी वाजवणारा. रोज संध्याकाळी इथे तालीम. बँडमास्तरांचे वडील पंपचालक होते. पंप बंद पडले तेव्हा किल्ली परत मागायला कोणी आलंच नाही, म्हणून ती घरात राहिली. वरच्या पाइपच्या जोडातून पाणी गळतं, त्याखाली यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलाय. तालमीआधी कोणीतरी तो बाहेर ओतून येतं. याला हे लोक देखभाल म्हणतात.

पश्चिमेच्या भिंतीत वरून खालपर्यंत भेग. तिच्यावर गेज लावला. दोन पारदर्शक पट्ट्या असतात, भेगेच्या दोन बाजूंना एकेक चिकटवायची. भेग हलली की एकीवरची रेघ दुसरीच्या चौकटींवर सरकते. बँडमास्तरांनी विचारलं, भिंतीला थर्मामीटर का लावलंत, मॅडम? म्हटलं, थर्मामीटर नाही, भिंतीची तब्येत कशी आहे ते यावर कळतं. ते म्हणाले, मग मी वेगळं काय विचारलं?

आजचं कामाव्यतिरिक्त बोलणं: हे धरायला हरकत नाही.

१६ फेब्रुवारी
तालीम चालू असताना गेज पाहिला. रेघ थरथरते. क्लॅरिनेटला नाही, ट्रम्पेटला नाही, मोठ्या ढोलाला. ढोल वाजवणाऱ्या गृहस्थांना बँडमधले सगळे भूकंप म्हणतात. टोपणनाव पुरावा म्हणून चालत नाही, पण नोंद केली.

निष्कर्ष स्पष्ट. वास्तूला धोका वापरकर्त्यांकडून आहे.

२४ फेब्रुवारी
ढोलाशिवाय तालीम करून पाहा, असं सुचवलं. पाहिली. क्लॅरिनेट पुढे निघून गेलं, ट्रम्पेट त्याला शोधत राहिलं. भूकंप चौथऱ्यावर हात बांधून बसले होते आणि दर ठोक्याला मान हलवत होते. मध्येच ट्रम्पेटवाला थांबून ओरडला, अहो काका, मान तरी जरा मोठ्याने हलवा! सगळे हसले. मी नाही हसले. रेघ स्थिर होती. प्रयोग पूर्ण यशस्वी.

२ मार्च
बँडला जागा रिकामी करायला सांगितलं. काही महिन्यांपुरतीच, यादीत नाव येईपर्यंत. समजुतीने सांगितलं, आलेख दाखवला. बँडमास्तरांनी आलेख उलटा धरून बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, आम्ही नसलो तर हे दार उघडणार कोण, ताई? मी म्हटलं, कोणीच नाही, तोच तर उद्देश आहे. ते बरं म्हणाले आणि किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

संमती मिळाली, असं लिहिलं. मॅडमची ताई कधी झाले, कळलं नाही. वाईट वाटलेलं नाही.

११ मार्च
छायाचित्रं काढली. बिस्किटांचा डबा प्रत्येक फोटोत येत होता. मूळ वास्तूचा भाग नसल्यामुळे उचलून दाराबाहेर ठेवला. आता प्रत्येक चौकट निर्दोष. एकही माणूस नाही.

अहवाल गेला. त्यातलं माझं आवडतं वाक्य: ‘वास्तू पूर्णपणे रिकामी असून सद्यःस्थितीत तिचा कोणताही वापर होत नाही.’ अध्यक्षांचा फोन आला. बाळ, फोटो फार छान, म्हणाले. अहवाल वाचला का, असं विचारलं. फोटो फार छान, म्हणाले.

अहवालाची प्रत सौजन्य म्हणून नगरपालिकेलाही पाठवली. पारदर्शकता असावी.

२८ मार्च
पंपघर आता शांत आहे. गेजची रेघ जागची हललेली नाही. मोजमापावर विश्वास ठेवला की असं होतं.

किरकोळ निरीक्षणं: पाइपखाली तळं साचलंय. डबा असता तर... पण डबा हा उपाय नव्हता, तात्पुरती सोय होती. पाणी पश्चिमेच्या भिंतीकडे जातंय, पायथ्याच्या विटा काळ्या पडल्यात. प्लंबरची मागणी संस्थेत टाकली. अध्यक्ष परवानगी देतील. पुढच्या बैठकीत. कैच्यांवर पक्षी बसलेले दिसले. पक्षीमित्र धावत आला, वर पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाला, कबुतरं आहेत हो. कबुतरांमुळे वास्तू वाचत नाही.

निघताना एक टाळी वाजवून पाहिली. ध्वनीचा अभ्यास म्हणून. आवाज बराच वेळ आत फिरत राहिला. मग आणखी एक वाजवली. तीही अभ्यास म्हणून.

संकल्प: दर आठवड्याला भेट.

१९ एप्रिल
(मधल्या आठवड्यांत सादरीकरणाचं काम होतं.)

नगर अभियंत्यांचा फोन. आवाज आनंदी. म्हणाले, मॅडम, तुमचे आभार मानायचे होते. इमारत वापरात असली की पाडायच्या आधी वापरणाऱ्यांची सुनावणी घ्यावी लागते. आणि सुनावणी लावली की अख्खा बँड गणवेश चढवून, वाद्यं घेऊन हजर. खुर्च्या कमी पडायच्या, एकदा तर आमच्या मुख्याधिकाऱ्यांना उभं राहावं लागलं. दरवेळी तारीख पुढे. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. आता तुम्हीच लेखी दिलंत की वापर नाही. शिवाय ओल आलीय म्हणतात. विनावापर आणि धोकादायक, दोन्ही एकदम! सुनावणीची गरजच नाही. फार सोपं केलंत तुम्ही.

मी विचारलं, यादीचं काय? ते म्हणाले, यादी काय, येईल की सावकाश.

मी शांतपणे फोन ठेवला. मग पुन्हा उचलून पाहिला, नीट ठेवलाय ना म्हणून.

२० एप्रिल
पंपघरात गेले. गेज तपासायला हात लावला, तर तो हातात आला. मागे गिलाव्याचा पापुद्राही आला. गेज गिलाव्यावर चिकटवला होता. गिलावा आतून सुटलेला होता. ढोलाच्या आवाजाने थरथरत होता तो गिलावा. मागच्या विटांमधली भेग जुनी, धुळीने भरलेली, निवांत. ती कधी हललीच नव्हती.

गिलावा खरवडून गेज थेट विटेवर लावायचा असतो. हे मी नव्या मुलांच्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला सांगते. ठळक अक्षरांत स्लाइड आहे.

नोंद: नवीन माहिती उपलब्ध झाली.

२६ एप्रिल
बँडमास्तरांना शोधलं. तालीम आता टायरच्या गोदामात असते. तिथे आवाज रबरात मुरतो. ट्रम्पेट वाजलं तर कोणीतरी उशीत तोंड खुपसून बोलतंय असं वाटतं. मी सगळी परिस्थिती तांत्रिक क्रमाने मांडली. भूकंपांनी विचारलं, म्हणजे भिंत माझ्यामुळे हलत नव्हती? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, एवढी वर्षं वाजवतोय हो, घरी झोपताना वाटायचं, आपल्या हातून पडायची नाही ना ती. मग बराच वेळ ढोलाची दोरी आवळत बसले.

माझ्याकडे यावर आलेख नव्हता.

परत या, एवढंच म्हणायचं होतं. ते बोलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बँडमास्तर म्हणाले, येऊ की, त्यात काय, आपलंच आहे. मग डायरी उघडून जीभ चावली. पाडण्याआधीची नगरपालिकेची पाहणी बारा मेला ठेवलीय, आणि त्या दिवशी त्यांची बाहेरगावी लग्नाची सुपारी. आधीचे सगळे दिवसही तसेच, हंगाम आहे. म्हणाले, ताई, घेतलेली सुपारी मोडता येत नाही, पोरीच्या बापाला काय सांगू? पण मोठा ढोल ठेवून जातो. गाडीत तसाही मावत नाही, तिकडे लहान चालेल. वापर दाखवायचा ना? तुम्ही वाजवा.

मी हसले. ते हसले नाहीत.

४ मे
भूकंपांनी सुपाऱ्यांमधून वेळ काढून दोन संध्याकाळी शिकवलं. माझी अडचण त्यांच्या मते अशी: तुम्ही ठोका मोजता, ताई. मोजू नका, मारा.

मोजल्याशिवाय काही करण्याचा मला सराव नाही. तरी प्रगती समाधानकारक. नवा गेज थेट विटेवर लावला. डबा शोधला, दाराबाहेर नव्हता. भंगारवाल्याने नेला असणार. पाइपखाली कचऱ्याची बादली ठेवली.

१२ मे
पाहणी. नगर अभियंते दोन कारकुनांसह आले. मी चौथऱ्यावर, समोर ढोल. त्यांनी विचारलं, काय चाललंय? म्हटलं, वापर. ते म्हणाले, दाखवा.

वाजवला. आधी मोजून, मग न मोजता. सगळं पंपघर भरून गेलं, कबुतरं उडाली, एका कारकुनाने कान झाकले. मी गेजकडे पाहिलं. रेघ जागच्या जागी. जरासुद्धा हलत नव्हती. मी ओरडून सांगितलं, बघा, हलत नाहीये! अभियंत्यांनी कानाला हात लावून काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, हलत नाहीये! आणि वाजवत राहिले. थांबायला हवं होतं तेव्हा थांबले नाही, हे मान्य.

त्यांच्या टिपणात असं आलं: ‘एक महिला ढोल वाजवताना आढळली. सदर महिला वास्तू विनावापर असल्याच्या अहवालाची लेखिका आहे. वापर सिद्ध होत नाही.’

भाषा अचूक आहे. मीही असंच लिहिलं असतं.

आईचा फोन. आवाज असा का, विचारलं तिने. म्हटलं, हाताला फोड आलेत. कशाने, तर म्हटलं, ढोल वाजवला. ती म्हणाली, कोणासाठी गं? मी म्हटलं, नंतर फोन करते.

३ जून
सकाळी पाडलं.

बँड आला होता, गणवेशात. सुनावणी नव्हती, तरी. बँडमास्तरांनी मला विचारलं, निरोप-समारंभाला वाजवतो ते वाजवू का, ताई? परवानगी माझ्याकडे का मागितली, कळलं नाही. मी मान हलवली. वाजवलं. यंत्राच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि संपेपर्यंत बिडी न पेटवता हातात धरून बसला. मग त्याने इंजिन चालू केलं.

पूर्वेची भिंत गेली, कैच्या गेल्या, कमानी गेल्या. पश्चिमेची भिंत सगळ्यात शेवटी. यंत्राला तिथे दोनदा मागे यावं लागलं. भूकंप माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, चांगली भिंत होती हो.

डोळ्यांत धूळ गेली. विटांची धूळ फार बारीक असते.

२१ जून
अध्यक्ष म्हणाले, बाळ, असं मनाला लावून घ्यायचं नाही, दस्तऐवजीकरण तर अप्रतिम झालंय ना! फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. आणि प्लंबरची परवानगी मंजूर झाल्याचं सांगितलं.

दुपारी बँडमास्तर ऑफिसात आले. हातात बिस्किटांचा डबा. म्हणाले, तुम्ही बाहेर ठेवला होतात ना, मी घरी नेला होता. आता ठेवून काय करू? तुमच्याकडे जुन्या वस्तू सांभाळतात म्हणून आणला. चहाला थांबा म्हटलं. थांबले. पाऊण तास बोललो. कामाचं काहीच नव्हतं. पक्षीमित्र दारातून डोकावून गेला आणि खात्री करायला पुन्हा डोकावला.

ते गेल्यावर पाहिलं, तर एसीचं पाणी पुन्हा नकाशावर. पंपघराची टाचणी जिथे होती, नेमकं तिथे. डबा खाली ठेवला. बरोबर बसला.

नोंद: पत्र्याचा डबा, एक. मूळ वास्तूचा भाग: होय. स्थिती: उत्तम. वापर: चालू.

रोज ओतावा लागेल. पक्षीमित्र दुपारनंतर नसतो. म्हणजे मीच.