अँब्युलन्सच्या स्प्रिंगा

ऐक ना,

ठमी तुझ्या पोटावर झोपली होती, म्हणून तुला उठवलं नाही. उठली की आधी दूध पाज आणि मग डायपर बदल. उलट केलंस तर तुलाच दोनदा बदलावा लागेल.

मी भंगारवाल्या काकांकडे गेलेय. त्यांच्याकडे एक जुनी अँब्युलन्स मोडायला आलीय. तिच्या मागच्या स्प्रिंगा आपल्या वॅगन गाडीला बसतील म्हणतात काका. "पेशंट निजून जायचे तिच्यात, तुमची पोर का नाही निजणार?" माप फोनवर जुळलं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. नमुन्याला आपली एक काढून नेलीय.

तू स्प्रिंगा कापून गाडी पार जमिनीलगत बसवलीस, दिसते झोकात, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून प्रत्येक खड्ड्याला ही दचकून उठते, आणि आपली जेवणानंतरची फेरी बंदच पडली. गाडीत तरी बोलायचो रे आपण. घरात नुसतं 'दूध संपलं' नि 'दार लाव'.

दुपारी गाडी विकत घ्यायला तुझं गिऱ्हाईक येईल. गाडी जॅकवर आहे, फिरवून बघता येणार नाही. मुद्दाम नाही केलं. बरं, थोडं मुद्दाम केलं. तूही तिच्याखाली शिरू नकोस. त्याला चहा पाज, पण मी येईपर्यंत हो म्हणू नकोस. स्प्रिंग नाही बसली तर किल्ली मीच त्याच्या हातात देईन, कुरकुर करणार नाही.

बसली, तर त्याला नाही तू म्हण. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.