साडेपाच फूट पाणी

रविवार, संध्याकाळ

बंगल्यामागच्या नव्या पूलला डायव्हिंग बोर्ड हवा, म्हणून ईशा आठवडाभर माझ्यामागे लागली होती. आज लेक मोबाईलवरचे फोटो घेऊन थेट दादाकडे गेली. दादा माझा थोरला भाऊ. सतराव्या वर्षी कात्रजच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत सूर मारला आणि मान मोडली. मानेखाली सगळं गेलं. त्यालाच कशाला विचारायचं? पण दादाने सगळे फोटो नीट पाहिले.

"पाणी किती खोल हाय?"

"साडेपाच फूट," ईशा म्हणाली.

"मग फळी नको, बाळा. डोकं तळाला लागंल."

साडेपाच फूट. मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी मी निळा बोर्ड पसंत करून बसलो होतो. कसला बाप मी?

मग ईशाने विचारलंच, "काका, तेव्हा विहिरीत पाणी किती आहे ते विचारलं नव्हतं तुम्ही?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता सांगणार.

"न्हाई विचारलं. माझीच घाई."

खोटं. विचारलं होतं त्याने. काठावर मी होतो, आणि आत न बघताच ओरडलो होतो, "लय पाणी हाय, मार उडी!" बत्तीस वर्षांत हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

ईशा आत गेली. आम्ही दोघंच उरलो. निदान तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्याला चहा पाजला, तोंड पुसलं आणि खुर्ची उन्हातून सावलीत घेतली.